ऐकणाऱ्याची परीक्षा

माझ्या मुलीच्या, लुंबिनीच्या शाळेत अकरावीला एक परीक्षा असते. तिला मुलं बसत नाहीत, घरची माणसं बसतात. मार्क मात्र मुलांना मिळतात.

पद्धत अशी आहे. जानेवारीतल्या एका सोमवारी प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर एक धडा लिहिलेला असतो. सहा दिवसांत तो धडा अशा माणसाला समजावून द्यायचा, ज्याला त्यातलं काही माहीत नाही. शनिवारी तो माणूस शाळेत येतो. बाहेरगावचे एक सर त्याला वीस मिनिटं प्रश्न विचारतात आणि मूल दाराबाहेर उभं राहतं. मुख्याध्यापिका रेणुका मॅडम म्हणतात, पाठ केलेलं पेपरात उतरवता येतं, दुसऱ्याच्या डोक्यात उतरवता येत नाही. तिथे समजलेलंच उतरतं.

त्यामुळे त्या आठवड्यात शाळेत सगळं उलटं होतं. डॉक्टर-इंजिनिअरांची मुलं माणूस शोधत फिरतात, कारण त्यांच्या घरी सगळ्यांना सगळं माहीत. एका मुलीने पोळ्या करणाऱ्या मावशींना पटवलं. एकाने खेड्यावरून आजोबांना आणलं, आणि आणल्यावर त्याच्या लक्षात आलं की आजोबांना कमी ऐकू येतं. लुंबिनीला एका मैत्रिणीने विचारलं, तुझे पप्पा किती शिकलेत? ती म्हणाली, दहावी, तीही दोनदा बसून. मैत्रीण म्हणाली, नशीबवान आहेस.

मी एस.टी.चा ड्रायव्हर आहे. भुजंग हणमंते. गाव मुखेडजवळ. माझी बायको चांगुणा जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. तीन वर्षं तिच्या दोन्ही किडन्या बंद होत्या. आठवड्यातून दोनदा मी तिला मुखेडहून नांदेडला डायलिसिसला नेत होतो. ती गेल्यावर मी लातूर आगारात बदली मागून घेतली, कारण लुंबिनीला या शाळेत शिकायचं होतं आणि इथे वसतिगृह नाही. सकाळी साडेसातला शाळा, संध्याकाळी पाचला घर. मग घर पाहिजे, आणि घरात कुणीतरी पाहिजे. औसा रोडच्या एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या.

आई गेल्यापासून पोरगी कमी बोलायची. विचारलं तेवढंच. मग शाळेत तिला कळलं, की या परीक्षेत पहिल्या आठांत येणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत पंधरा दिवस काम बघायला नेतात. तिथल्या सूक्ष्मदर्शकात जिवंत पेशी हलताना दिसते. हे मला तिने एकदा सांगितलं, दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, आणि मग रोजच सांगू लागली. मी म्हणायचो, हाव, कालच सांगितलीस. ती म्हणायची, आज वेगळं सांगून राहिले. तिला तिथे जायचं होतं. तिने जावं असं मलाही वाटत होतं. तिला इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

सोमवारी ती घरी आली आणि चिठ्ठी दाखवेना. दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, पीठ मळायला घेतलं. मी कांदा चिरत होतो. दोनदा विचारल्यावर तिने पिठाच्या हातानेच चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, मूत्रपिंडाचे कार्य.

मी म्हणालो, बदलून घे. एकदा बदलता येते, हे तिनेच मला सांगितलं होतं.

"न्हाई बदलली," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. नियमच असा आहे की ऐकणाऱ्याला आधी माहीत नसावं. मी तीन वर्षं डायलिसिसच्या दाराशी बसलेला माणूस. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, हातातली सुई कुठे टोचायची, मशीन कधी वाजतं, सगळं मला माहीत. सरांनी विचारलं तर काय सांगू?

तिने पीठ मळणं थांबवलं.

"पप्पा, तुम्हाला मशीन माहीत हाय. किडनी न्हाई."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, किडनी म्हणजे चाळणी. रक्तातला कचरा अडवते. तुझ्या आईची चाळणी तुंबली होती. डॉक्टरला विचार, नाहीतर नर्सला विचार.

ती हसली. तिने चहाची गाळणी घेतली आणि माझ्यासमोर धरली. चहा गाळला की पत्ती कुठे राहते, विचारलं. वर राहते. आणि आपण टाकून काय देतो? पत्ती. आता किडनीत उलटं आहे, ती म्हणाली. जे वर अडकतं ते रक्तातच राहतं, रक्ताच्या पेशी आणि प्रथिनं. जे खाली पडतं ते बाहेरच्या वाटेला लागतं. आणि खाली काय काय पडतं, माहीत आहे? साखर पडते, मीठ पडतं, पाणी पडतं. दिवसाला एकशेऐंशी लिटर.

मी म्हणालो, एकशेऐंशी लिटर कोण मुततं?

"तेच तर," ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकले की मी चाकू खाली ठेवला. "कुणीच न्हाई. दीड लिटर जातं. मग बाकीचं कुठं गेलं?"

उत्तर तिने सांगितलं नाही. उद्यापर्यंत विचार करा, म्हणाली.

मंगळवारी माझी लातूर-नांदेड गाडी होती, अहमदपूर-लोहा मार्गे. गाडी चालवताना डोक्यात तेच. एकशेऐंशी आत, दीड बाहेर. लोह्याच्या पुढे तपासणी पथकाने गाडी थांबवली. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि ज्याचं तिकीट बघितलं त्याला वर चढवलं. पन्नास माणसं उतरली, अठ्ठेचाळीस परत चढली, दोघे खाली राहिले. मी स्टिअरिंगवर बसून बघत होतो, आणि मला एकदम समजलं. मी कंडक्टर बजरंगला हाक मारून म्हणालो, अरे, परत घेते ती! सगळं खाली उतरवते आणि कामाचं परत वर घेते!

बजरंगला वाटलं मी पथकाबद्दल बोलतोय. मी त्याला किडनीचं सांगितलं. तो लोह्यापासून नांदेडपर्यंत ऐकत होता. नांदेड स्थानकात त्याने चार ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, "हणमंते साहेब मुताचा अभ्यास करून राहिले. काही अडचण असंल तर विचारून घ्या." सगळे हसले. मीही हसलो. त्यातल्या एका ड्रायव्हरने मात्र मला बाजूला घेऊन खरंच विचारलं, कारण त्याला शुगर होती.

संध्याकाळी मी दारातूनच लुंबिनीला बसचं सांगितलं. सीट, ड्रायव्हर, कंडक्टर हे गाडीतच राहतात, ती झाली पेशी आणि प्रथिनं. प्रवासी सगळे खाली. तिकीटवाले परत वर. बिनतिकिटाचे खाली राहतात, ते दीड लिटर. तिने वही काढली आणि माझं बोलणं लिहून घेतलं. शाळेतल्या मुलीने माझं बोलणं वहीत लिहून घ्यावं, हे मला नवीन होतं. मी दोनदा सांगितलं.

शेजारच्या खोलीत देगलूरच्या शिवकन्याताई राहत होत्या. त्यांचा सत्यम लुंबिनीच्याच वर्गात. नवरा देगलूरला शेती बघायचा, ताई मुलासाठी लातूरला स्वयंपाक करून राहिल्या होत्या. सत्यमला चिठ्ठी आली होती, वस्तूचा मुक्तिवेग. म्हणजे किती जोरात दगड फेकला तर तो परत पृथ्वीवर पडणार नाही. ताई सकाळी भाजीवाल्याला विचारायच्या, सांग बरं, सेकंदाला किती किलोमीटर? तो म्हणायचा, ताई, मेथी घ्यायची तर घ्या. "अकरा पॉइंट दोन!" ताई सांगायच्या आणि मेथी घेऊन यायच्या. भिंत पातळ होती. इकडून आमची किडनी तिकडे जायची, तिकडून त्यांचा दगड इकडे यायचा. गुरुवारपर्यंत आम्हाला एकमेकांचे धडे अर्धे अर्धे पाठ झाले होते.

त्याच गुरुवारी मी लुंबिनीला एक गोष्ट विचारली. आठवडाभर ती माझ्या तोंडाशी येत होती. चांगुणाच्या पायावर पहिल्यांदा सूज आली, तेव्हा मी कुणाला न विचारता तिला पाणी पाजत होतो. चाळणी तुंबली आहे, पाण्याने धुऊन निघेल, असं माझं डोकं. तांब्यावर तांब्या. तिला नको असायचं तरी. महिनाभराने दवाखान्यात गेलो तेव्हा किडन्या गेलेल्या होत्या.

मी विचारलं, "माझ्या पाण्यानं गेल्या का?"

लुंबिनीने पुस्तक उघडलं, चित्र काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. एका किडनीत दहा लाख बारीक नळ्या असतात. नळी गेली की परत येत नाही. मम्मीचं बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं आणि कुणी मोजलं नव्हतं. नळ्या त्याने गेल्या.

"पाण्यानं सूज वाढली असंल, पप्पा. नळ्या पाण्यानं न्हाई गेल्या. मी हे नववीतच वाचलं होतं. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही कधी विचारलंच न्हाई."

मी चित्रातल्या नळीवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, चला, आता हार्मोन राहिलेत, आणि पुढचं पान उलटलं. शिकवताना ती थांबत नाही.

शुक्रवारी नियमाचं निघालं. शिवकन्याताई म्हणाल्या, "दादा, कायबी माहीत नव्हतं म्हणा की. कोण बघायला येणार हाय मुखेडला?" मला ते पटत होतं. एका वाक्याने पोरगी हैदराबादला जाणार असेल तर ते वाक्य बोलायला माझी जीभ झिजणार नव्हती. मी लुंबिनीला तसं म्हणालो. ती ताईंसमोरच म्हणाली, खोटं बोलून मला आठांत यायचं नाही. चिठ्ठी रद्द झाली तर झाली. ती हातातल्या चिठ्ठीची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती. रद्द झालेली तिला चालणार नव्हती, हे मला दिसत होतं.

शनिवारी मी बजरंगच्या ओळखीने सकाळची ड्युटी बदलून घेतली आणि संध्याकाळची सहाची नांदेड गाडी घेतली. इस्त्रीचा शर्ट घातला. शाळेच्या मैदानावर गेलो तर जत्रा भरलेली. लिंबाच्या झाडाखाली म्हाताऱ्या बायका ओठ हलवत धडे म्हणून राहिल्या होत्या. पोळ्यावाल्या मावशी जमिनीवर काडीने डीएनए काढत होत्या आणि डॉक्टरांची मुलगी वाकून बघत होती. कमी ऐकणाऱ्या आजोबांना नातू कानात ओरडून आम्ल आणि आम्लारी सांगत होता, त्यामुळे मैदानावरच्या सगळ्यांनाच ते पाठ झालं. नेहमी मुलं आत जातात आणि आईबाप बाहेर घामाघूम होतात. इथे मुलं बाहेर होती. एक मुलगा तर आईला म्हणाला, घाई करू नको, प्रश्न नीट ऐक, येत नसेल तर पुढे जा. आई म्हणाली, हे मीच तुला दहावीला सांगितलं होतं.

शिवकन्याताई आत गेल्या आणि पंचवीस मिनिटांनी पदर सावरत बाहेर आल्या. सरांनी विचारलं होतं, चंद्रावरून दगड फेकला तर किती वेग लागेल? सत्यमने चंद्राचं शिकवलंच नव्हतं. ताई म्हणाल्या होत्या, चंद्र हलका हाय, त्याची ओढ कमी, मग कमी वेगात सुटंल की. सर खूश झाले होते. सत्यमने आईला मैदानावरच उचललं. "ठेव रे खाली, मेल्या, लोकं बघून राहिले," ताई म्हणत होत्या, पण हसत होत्या.

मग माझं नाव पुकारलं. लुंबिनी दारापर्यंत आली. म्हणाली, "पप्पा, सावकाश." तेवढंच.

आत गुरुपादप्पा सर बसले होते. नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, उदगीरकडचे. शेजारी रेणुका मॅडम. सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, या विषयाची आधीची काही माहिती?

मी सांगितलं. बायको तीन वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून दोनदा नांदेडला नेत होतो. चौदा महिन्यांपूर्वी वारली.

सरांनी पेन खाली ठेवलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, नियमाने ही चिठ्ठी रद्द होते. लुंबिनीने ती बदलून घ्यायला पाहिजे होती. दार अर्धं उघडं होतं. बाहेर तिची चप्पल मला दिसत होती.

मी म्हणालो, "सर, मला जे माहीत होतं ते चूक होतं. ते मला या मंगळवारी कळलं."

काय माहीत होतं, सरांनी विचारलं. मी चाळणीचं सांगितलं, तुंबण्याचं सांगितलं, तांब्याचंही सांगितलं. नंतर एकशेऐंशी लिटरचं सांगितलं, लोह्याच्या पथकाचं सांगितलं. सर मॅडमकडे वळले आणि म्हणाले, चुकीचं माहीत असणं याला माहिती धरायची का? मॅडम म्हणाल्या, कोरी पाटी असेल तर एकदाच लिहावं लागतं. इथे मुलीला आधी पुसावं लागलं असेल. सर म्हणाले, मग हे काम जास्त झालं. दोघांचं थोडं बोलणं झालं. ठरलं असं, की परीक्षा घ्यायची, आणि मशीनची माहिती होती म्हणून पन्नासातले चार मार्क आधीच वजा.

मग प्रश्न सुरू झाले. शुगरवाल्याच्या लघवीत साखर का येते? मी म्हणालो, तिकीटवाले फार झाले की दारातून सगळे परत चढू शकत नाहीत, काही खाली राहतात. किडनी आणखी काय करते? रक्त तयार करायला हाडांना सांगते, म्हणून माझ्या बायकोला रक्त कमी पडायचं, तिला इंजेक्शन द्यावं लागायचं. उन्हात कमी लघवी का होते? पाणी जास्त परत घेते म्हणून. उत्तरं येत होती.

शेवटी सर म्हणाले, "डायलिसिसचं मशीन आणि किडनी यात फरक काय?"

हे लुंबिनीने शिकवलं नव्हतं. डोळ्यांपुढे नांदेडचा तो वॉर्ड आला. मशीनच्या खाली पांढरे कॅन असायचे. मी एकदा तिथल्या पोराला विचारलं होतं, यात काय? मीठ, तो म्हणाला होता. मला ते तीन वर्षं खटकत होतं. डॉक्टर बायकोला चिमूटभर मीठ खाऊ देत नाहीत आणि मशीनच्या पाण्यात मीठ घालतात. कुणाला विचारायची लाज वाटली.

मी सरांना हे सांगत होतो आणि सांगता सांगता मला कळत गेलं.

"सर, मशीन फक्त खाली उतरवतं. परत घेता येत न्हाई त्याला. म्हणून त्या पाण्यात मीठ आधीच मोजून घालत असतील, बघा. दोन्हीकडं सारखं असलं की अंगातलं मीठ बाहेर जाणार न्हाई. फक्त घाण जाईल."

गुरुपादप्पा सर उभे राहिले. म्हणाले, हे मुलीने सांगितलं?

"न्हाई. आत्ता इथं बसल्यावर कळलं."

ते मॅडमला म्हणाले, हे बी.एस्सी.च्या मुलांना मी दोन तासांत शिकवायचो. मॅडम लिहीत होत्या. मला म्हणाल्या, या आता. मी उठलो तर खुर्ची पडली.

बाहेर मी लुंबिनीला एका दमात सगळं सांगितलं, कॅनचं सुद्धा. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग म्हणाली, हे मला का नाही सुचलं शिकवायला? आणि कपाळावर हात मारून घेतला.

साडेचारला यादी वाचायला घेतली. इथे यादी खालून वाचतात. आधी आठवा, मग सातवा, पहिला शेवटी. सातवा आला सत्यम. शिवकन्याताई खाली बसल्या आणि परत उठल्या. सहावा, पाचवा. लुंबिनीने माझं मनगट धरलं होतं. चौथ्या नावावर तिची पकड सुटली. तिच्या हिशोबाने चार मार्क गेल्यावर चौथ्याच्या वर येणं शक्यच नव्हतं. मी खाली बघितलं. चार मार्क माझ्यामुळे गेले होते. पोरगी हैदराबादला जाणार नाही ती माझ्यामुळे, असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात मॅडमनी तिसरं नाव वाचलं. लुंबिनी भुजंग हणमंते. पन्नासपैकी चव्वेचाळीस.

म्हणजे सरांनी शेहेचाळीसमधले दोनच कापले होते. सत्यमने शिट्टी मारली. पोळ्यावाल्या मावशींनी मला नमस्कार केला, मी पण केला. ताई रडून राहिल्या होत्या, सत्यमसाठी की लुंबिनीसाठी ते कळत नव्हतं. मी लुंबिनीकडे वळलो तर ती जागेवर नव्हती.

ती व्यासपीठाजवळ पोचली होती. गुरुपादप्पा सरांना विचारत होती, ते दोन मार्क कुठे गेले? सर सांगत होते की हार्मोनच्या उत्तरात हाडांचा मगज, म्हणजे अस्थिमज्जा, म्हणायला पाहिजे होतं, तुझे वडील नुसतं हाड म्हणाले. ती म्हणाली, मी मगजच शिकवला होता. सर म्हणाले, मग उतरला नाही. ती म्हणाली, एक मार्क मिळायला पाहिजे, दोन्ही नाही कापायचे. सर हसत होते, पण ती हसत नव्हती. ती बोटावर मुद्दे मोजून भांडत होती, पहिला, दुसरा, तिसरा. तिची आई भाजीवाल्याशी असंच करायची.

सव्वापाच झाले होते. मला सहाला गाडी लावायची होती, आणि आगार दोन किलोमीटर. तिचं दप्तर खांद्यावर घेऊन मी तिथेच उभा राहिलो. हाक मारली नाही.